एक तपाचं डिपॉझिट

मी वजन-मापे खात्यात निरीक्षक आहे. एकतीस वर्षं लोकांचे तराजू तपासतो आहे, आणि एवढ्या काळात माणसाबद्दल माझं एक मत पक्कं झालं आहे. माणूस मुळात वाईट नसतो, पण काट्याखाली चुंबक लावायची सोय असेल तर एकदा लावून बघतोच. या मतामुळे खात्यात माझी बढती झाली आणि घरात पत गेली. बायको मला बाजारात पाठवत नाही. मी अर्धा किलो टोमॅटो आणायला गेलो की मागे रांग खोळंबते आणि मी टोमॅटोऐवजी नोटिशीची प्रत घेऊन परत येतो, असं तिचं म्हणणं आहे. हे फक्त दोनदाच झालं आहे.

आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, त्या आम्ही भाड्याने देतो. भाड्याने मला कधी त्रास दिला नाही. त्रास दिला तो डिपॉझिटने. डिपॉझिटसारखा अवघड पैसा दुसरा नाही. आपल्याकडे असतो पण आपला नसतो, आणि परत करायची वेळ येते तेव्हा मात्र तो अगदी आपलाच वाटायला लागतो. आमचा आधीचा भाडेकरू दातांचा डॉक्टर होता. तो जाताना मी भिंतीतली भोकं मोजली. एकोणीस भरली. प्रत्येक भोक बुजवायच्या पुट्टीचे आणि गवंड्याच्या मजुरीचे पैसे कापून मी उरलेली रक्कम त्याच्या हातात दिली, सोबत तक्ता जोडून. त्याने एका शब्दाने वाद घातला नाही. पण नंतर जो येईल त्या पेशंटला, तोंड उघडायला लावून, त्याने सांगितलं की घरमालक तसा बरा आहे हो, फक्त भोकं मोजतो. ज्या माणसाचं सगळं आयुष्य भोकं मोजून पैसे घेण्यात गेलं त्याने हे म्हणावं, आणि तोंड उघडं असल्यामुळे पेशंटला उलट बोलता येऊ नये, हा प्रकार मला फार लागला. समोरच्या घरातले हरकतकाका त्याच्याकडे दाढ काढायला गेले होते. ते परत आले ते सरळ माझ्याकडे बघून हसत. अर्धं तोंड बधिर असताना माणूस जसा हसेल तसं.

तेव्हाच मी ठरवलं की यापुढे डिपॉझिटला हात लावायचा नाही. पैसे अशा ठिकाणी राहिले पाहिजेत जिथे मीही नाही आणि भाडेकरूही नाही.

अशी जागा आहे, हे मला माझ्या मेहुण्याकडून कळलं. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, एका शीतपेट्या बनवणाऱ्या कंपनीत संगणकाचं काहीतरी बघतो. त्याला जगातली प्रत्येक नवी गोष्ट आधी कळते आणि जुनी एकही कळत नाही. रविवारी तो जेवायला आला आणि वरणभात संपायच्या आत त्याने मला ब्लॉकचेन समजावून सांगितलं. समजा एक वही आहे. ती हजारो संगणकांवर एकाच वेळी लिहिलेली आहे. एकाने खाडाखोड केली तर बाकीचे मान्यच करत नाहीत. त्या वहीत आपण एक करार लिहून ठेवायचा, त्याला म्हणतात स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट. डिपॉझिट त्या कराराच्याच पोटात कोंडायचं. मुदत संपली की मालकाने आपली किल्ली फिरवायची, भाडेकरूने आपली फिरवायची, दोघांचा आकडा जुळला की पैसे आपोआप ज्याचे त्याला. मध्ये कोणी माणूस नाही, मन वळवणं नाही, तोंडं वाकडी करणं नाही.

“म्हणजे कोणावर विश्वास ठेवायची गरजच नाही?” मी विचारलं.

“अजिबात नाही, भावोजी.”

मी हातातला घास ताटात ठेवला. एकतीस वर्षं मी ज्या काट्याच्या शोधात होतो तो माझा मेहुणा शीतपेट्यांच्या कारखान्यातून घेऊन आला होता.

मेहुण्याने एक गोष्ट मात्र सुचवली होती, ती इथे प्रामाणिकपणे सांगतो, कारण पुढे तो ती मला दर भेटीत सांगत आला आहे. तो म्हणाला की करारात एक छोटं मागचं दार ठेवू. दोघांचं पटलं तर मुदतीआधीही पैसे सोडवता येतील. मी ते दार साफ नाकारलं. मला माझा स्वभाव माहीत आहे. मी बाहेर फार करडा आहे, पण कोणी समोर बसून डोळ्यांत पाणी आणलं की माझं पाणी पाणी होतं. एकदा एका दुकानदाराने खोटं वजन ठेवल्याबद्दल दंड भरता भरता आपल्या मुलीच्या परीक्षेची हकिगत सांगितली, तर मी त्या मुलीसाठी गणिताचं पुस्तक विकत घेऊन दिलं होतं. तेव्हा दार नको म्हणजे नको. मेहुणा म्हणाला, असू द्या हो. मी म्हणालो, दार असलं की माणूस जातोच. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते ऑफिसात दोन दिवस वापरलं.

ही बातमी हरकतकाकांना कळायला एक दिवस लागला. काका बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि चांगल्या गोष्टीतली खोट काढणं हे आपलं पेन्शनीतलं कर्तव्य समजतात. त्यांनी कुंपणापलीकडून मला पाच प्रश्न विचारले. वीज गेली तर? संगणक बिघडला तर? किल्ली हरवली तर? दोघांपैकी एक खपला तर? आणि शेवटचा, सगळ्यात शांतपणे: करार लिहिणारा चुकला तर? पहिल्या चारांना मी मेहुण्याकडून शिकलेली उत्तरं दिली. पाचव्याला म्हणालो, “काका, तो संगणकाचा माणूस आहे.” काका म्हणाले, बरं. त्यांच्या ‘बरं’मध्ये नेहमीच माझ्याबद्दल थोडी कीव असते, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

आठवडाभरात खोल्या बघायला एक बाई आल्या. वय पन्नास-बावन्न. कोर्टात लघुलेखिका. सोबत त्यांचे वडील, वय वर्षं ऐंशी, आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेले. त्यांना आम्ही पहिल्या दिवसापासून आजोबाच म्हणायला लागलो. जिना चढून वर आल्यावर आजोबांनी धापा टाकत सांगितलं की जागा छान आहे, फक्त यंत्र बसवायचं राहून गेलंय. बाई मात्र कमी बोलणाऱ्या. कोर्टात दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं टिपून घेऊन त्यांना स्वतः बोलायचा कंटाळा आला असावा.

मेहुण्याला शेजारी बसवून मी त्यांना स्मार्ट कॉन्ट्रॅक्टबद्दल सांगितलं. माझी अपेक्षा होती की त्या घाबरतील, मग मी धीर देईन. त्या घाबरल्या नाहीत. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, की यात पैसे माझे अडकणार, तर शेवटी किल्ली फिरवायची घाई मला असेल, तुम्हाला कशाला असेल? मी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने छताकडे पाहिलं. मग बाईंनीच तोड सांगितली. जेवढं डिपॉझिट त्या ठेवतील तेवढीच रक्कम मीही ठेवायची. म्हणजे दोघांनाही घाई.

घरमालकाने डिपॉझिट भरल्याचं मी आजवर ऐकलं नव्हतं. पण कोणावरच विश्वास न ठेवण्याचं तत्त्व एकदा मांडल्यावर त्यातून मला वगळा म्हणायची सोय राहत नाही. मी मोठ्या मनाने हो म्हणालो. बायको आतून म्हणाली की स्वयंपाकघराच्या फरशीसाठी ठेवलेले पैसे आहेत ते. मी म्हणालो, फक्त बारा महिन्यांचा तर प्रश्न आहे.

त्यानंतर आम्ही नोंदणी कार्यालयात गेलो. तिथल्या कारकुनाच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता: डिपॉझिट कोणाकडे राहील. मी लिहिलं, कोणाकडेच नाही. कारकुनाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. उत्तर तेच होतं. तो म्हणाला की कोणाकडे तरी राहायला हवं. मी म्हणालो, कराराकडे राहील. तो म्हणाला, मग तो करार हजर करा. दुसऱ्या दिवशी मेहुण्याने चौदा पानं छापून आणली. कारकुनाने ती उलटी, सुलटी, उजेडात धरून पाहिली आणि शेरा मारला की ही भाषा या कार्यालयात चालत नाही, प्रमाणित भाषांतर जोडा.

कार्यालयाबाहेर टेबल मांडून बसणाऱ्या प्रमाणित भाषांतरकाराने हयातभर जन्माचे आणि मृत्यूचे दाखले भाषांतरित केले होते. ही चौदा पानं त्या दोहोंच्या मधली होती. पण माणूस हाडाचा धंदेवाईक. कोश उघडला आणि चार दिवसांत काम हातात दिलं. ‘जर पाठवणारा मालक नसेल तर फेकून द्यावे. अन्यथा मागे फिरावे. जनता पाहू शकेल. मुदत: बारा गुणिले बारा गुणिले तीस दिवस. रिकामे परत यावे.’ कारकुनाने सगळं वाचलं, दोन ठिकाणी मान डोलावली आणि शिक्का मारला. वारसाहक्काच्या बऱ्याच कागदांपेक्षा हे स्पष्ट आहे, असंही म्हणाला.

त्याच टेबलाशी उभं राहून बाईंनीही ती चौदा पानं वाचली. सगळी. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. त्यांनी विचारलं की बारा गुणिले बारा का? बारा महिने, तीस दिवसांचा महिना, हे समजलं. दुसरे बारा कशाचे?

मेहुणा फोनवर बोलत होता. तो न थांबता म्हणाला, एक महिन्यांसाठी आणि एक सिस्टिमसाठी. आणि मी, ज्याला त्या चौदा पानांतला ‘जर’ सोडून एक शब्द कळला नव्हता, तो मी पुढे सरसावून बोललो. “बाई, तांत्रिक बाब आहे ती. हे काही कोर्टातलं लघुलेखन नव्हे.”

बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली.

पैसे भरतानाही घोडं अडलंच. त्यासाठी आधी आपल्या चलनाच्या बदल्यात तेवढ्याच किमतीची संगणकी नाणी घ्यावी लागतात. मी बँकेतून रक्कम पाठवताच बँकेचा फोन आला. पलीकडच्या मुलीने फार मायेने चौकशी केली. ही रक्कम तुम्ही स्वतःच्या इच्छेने पाठवताय ना? तुमच्यावर कोणी दबाव आणत नाही ना? आत्ता तुमच्या शेजारी कोणी बसलंय का? माझ्या शेजारी मेहुणा बसला होता. मी खरं सांगितलं. खातं आठ दिवस गोठवण्यात आलं. त्या आठ दिवसांत माझा पगारही आत अडकला आणि वजन-मापे खात्याचा निरीक्षक किराणा दुकानदाराकडे उधारीची वही काढायला गेला. दुकानदाराने विनाअट सामान दिलं. वजन मी तपासलं नाही. भीडच वाटली.

शेवटी पैसे करारात गेले. आम्हा दोघांना आपापली किल्ली मिळाली. ही किल्ली म्हणजे एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले बारा इंग्रजी शब्द. ते कोणाला दाखवायचे नाहीत आणि कधी हरवायचे नाहीत, असं मेहुण्याने बजावलं. मी ते देवनागरीत एका चिठ्ठीवर लिहून स्वयंपाकघरातल्या सामानाच्या यादीखाली लपवले, कारण ती जागा मी कधी बघत नाही. चौथ्या दिवशी बायको बाजारातून कोबी, आरसा आणि मखमलीचा एक तुकडा घेऊन आली. शिडी सोमवारी घरपोच येणार होती. तिचं एकच विचारणं होतं, की यादीत सातव्या नंबरावर ‘ऑर्फन’ लिहिलंय, तर अनाथ मूल मी कुठून आणू आणि या वयात तुमच्या डोक्यात हे आलं कुठून? मी तिला सगळं समजावून सांगितलं. त्यामुळे गुप्तता संपली, पण शिडी कामाला आली.

मग सहा महिने सुखाचे गेले. बाई नऊला कोर्टात जायच्या, सहाला यायच्या. भाडं एक तारखेला. भिंतीत किती भोकं पाडली हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आजोबा दुपारी जिना उतरून माझ्या बायकोशी गप्पा मारायला यायचे. चाळीस वर्षांत लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांचे किस्से त्यांच्याकडे एवढे होते की संपायचे नाहीत. हरकतकाकांना मी कुंपणावरून अधूनमधून सांगायचो की बघा, काही अडलं नाही. ते म्हणायचे, बरं.

सातव्या महिन्यात एका सकाळी आजोबा जिन्यावरून घसरले. मोठा आवाज झाला नाही, फक्त कोणीतरी पोतं ठेवावं तसा. मी बाहेर धावलो तर ते खालून पाचव्या पायरीवर आडवे, चेहरा पांढराफटक. बाई वरून धावत उतरत होत्या. मी आणि हरकतकाकांनी आजोबांना एका खुर्चीत बसवून उचललं आणि गाडीत ठेवलं. आजोबांनी माझा हात घट्ट धरला होता. गाडी सुरू झाल्यावर म्हणाले की आयुष्यभर एकही माणूस माझ्या हातून पडला नाही, मीच राहिलो होतो.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, चांगलं झालं, पण बाईंची सगळी शिल्लक त्यात गेली. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं की यापुढे जिना नाही. मग पाचव्या दिवशी संध्याकाळी बाई आमच्याकडे आल्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या. त्यांनी तळमजल्यावरची एक जागा पाहिली होती. तिथला मालक शुक्रवारपर्यंत डिपॉझिट मागत होता. आजोबांना सोमवारी घरी सोडणार होते.

“माझं डिपॉझिट आत्ता मिळू शकेल का?” त्यांनी विचारलं. “पाच महिन्यांचं भाडं हवं तर कापून घ्या.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. ज्या प्रसंगाची मी एवढी तयारी केली होती तो असा येईल हे मला सुचलंच नव्हतं. मला वाटलं होतं समोरचा रडेल आणि मी खंबीर राहीन. इथे समोरची बाई खंबीर होती आणि रुमाल मी शोधत होतो.

मी मेहुण्याला बोलावून घेतलं. म्हटलं, दार नाहीये हे माहीत आहे, तरी कुठे खिडकी असेल तर बघ. तो म्हणाला की आधी किती दिवस राहिलेत ते पाहू, पाच महिन्यांची सोय कुठूनही करता येईल. त्याने लॅपटॉपवर करार उघडला. मग पडदा पुसला. मग चष्मा पुसला. मग उठून पाणी प्यायला गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

पडद्यावर लिहिलं होतं: शिल्लक मुदत, चार हजार एकशे वीस दिवस.

मी आकड्यांचा माणूस आहे. भागाकार आपोआप झाला. अकरा वर्षं आणि साडेतीन महिने. महिन्यांना एकदा बाराने गुणायचं ते मेहुण्याने दोनदा गुणलं होतं. बारा महिन्यांच्या जागी बारा वर्षांचा करार झाला होता. एक तप. पूर्वी एवढ्या काळात ऋषींना वर मिळायचा. इथे आपलेच पैसे परत मिळणार होते.

बाई हळूच म्हणाल्या, “मी विचारलं होतं.”

त्या रागाने म्हणाल्या असत्या तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. त्या कोर्टातल्या नोंदीतली ओळ वाचावी तशा म्हणाल्या.

“विचारलं होतं,” मी म्हणालो. “चुकलं माझं.”

एकतीस वर्षांच्या नोकरीत हे दोन शब्द मी पहिल्यांदाच उच्चारले, असं बायको म्हणते. घरात तर नक्कीच पहिल्यांदा.

पुढचे तीन दिवस मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी ब्लॉकचेनच्या मुख्य कार्यालयाचा पत्ता विचारला. मेहुणा म्हणाला, मुख्य कार्यालय नाही. विभागीय? नाही. मग तक्रार कोणाकडे करायची? कोणाकडेच नाही, भावोजी, तेच तर त्याचं वैशिष्ट्य आहे. सरकारी नोकराला याहून भीतिदायक वाक्य ऐकवता येणार नाही. ज्याला जावक क्रमांक नाही, वरिष्ठ नाही, ज्याच्यासमोर अर्ज करून सहा महिने वाट बघायचीही सोय नाही, अशा गोष्टीपुढे मी उभा होतो. मेहुण्याने जगभरच्या जाणकारांना विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच आलं: करार अगदी बरोबर चालतो आहे. एकाने तर सुबक लिहिल्याबद्दल त्याचं अभिनंदन केलं.

नोंदणी कार्यालयातला कारकून भला निघाला. त्याने रेकॉर्ड काढून दाखवलं की आमच्याकडे नोंद बारा महिन्यांचीच आहे, आणि मुदत आज संपल्याचा दाखला हवा तर आजच देतो. त्याने तो दिलाही, शिक्का मारून. मी मेहुण्याला विचारलं की हा दाखला आत कसा घालायचा. तो माझ्याकडे इतक्या करुणेने बघत राहिला की मी दाखला घडी करून खिशात ठेवला. त्यानंतर मी हरकतकाकांकडे गेलो. ते ‘मी म्हटलं होतं’ असं म्हणतील या तयारीने गेलो. त्यांनी मला नुसता चहा दिला. अपमानाचा हा प्रकार मला नवीन होता.

शेवटी गुरुवारी मी ठरवलं की आपल्या खिशातून बाईंची रक्कम द्यायची, बिनकागद, बिनशर्त, आणि तपाच्या शेवटी आपल्याला मिळेल तेव्हा मिळेल. मनात फार उदात्त वाटलं. मग पासबुक काढलं. माझी स्वतःची रक्कम त्याच करारात अडकली होती, आणि उरलेल्यातून बाईंचं डिपॉझिट निम्मंही भागत नव्हतं. मी ते पासबुक हातात धरून बसलो होतो, तेवढ्यात बायको समोर येऊन उभी राहिली.

“त्यांना तळमजला हवाय ना?” ती म्हणाली. “आपण वर जाऊ.”

मला आधी कळलंच नाही. तिने सावकाश सांगितलं. आपण दोघंच माणसं, मुलं आपापल्या गावी. दोन खोल्या पुरतात. त्यांनी आपल्या तीन खोल्यांत राहावं. भाडं आहे तेवढंच, डिपॉझिट आहे तिथेच. फरशी तशीही बदलायची राहिलीच आहे, मग त्या फरशीवर कोण चालतं याने काय फरक पडतो?

मी म्हणालो की लोक काय म्हणतील, मालक वर आणि भाडेकरू खाली. ती म्हणाली की भोकं मोजतो यापेक्षा वाईट काय म्हणणार आहेत?

मी माझ्या गुडघ्यांचाही मुद्दा काढला. तो तिने विचारात घेतला नाही.

शनिवारी सामान हललं. आमचं कपाट वर जाताना जिन्याच्या वळणावर अडकलं आणि बाईंचं कपाट खाली येताना त्याला भिडलं. दोन्ही कपाटांमध्ये मेहुणा होता. त्याने त्या अवस्थेत माझी माफी मागितली आणि मी ती स्वीकारली, कारण त्याला हलता येत नव्हतं. हरकतकाका कुंपणाशी उभे राहून दोन्ही बाजूंना सूचना देत होते. डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या. दोन्ही एकाच कपाटाला.

वरच्या खोलीत उभं राहिल्यावर माझी नजर सवयीने भिंतीवर गेली. बाईंनी सात महिन्यांत एकही खिळा ठोकला नव्हता. मला बरं वाटायला हवं होतं. पण परक्या घरात एवढं अंग चोरून माणूस का राहतो, याचा विचार करत मी बराच वेळ त्या कोऱ्या भिंतीसमोर उभा होतो. मग खाली जाऊन बाईंना सांगितलं की आता हे तुमचं घर समजा, हवं तिथे खिळे मारा. त्यांनी विचारलं, किती? मी म्हणालो, मोजणार नाही. त्या हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

सोमवारी आजोबा घरी आले. चाकांची खुर्ची सरळ दारातून आत गेली, एकही पायरी नाही. त्यांना आम्ही सगळी हकिगत सांगितली, तोपर्यंत कोणी सांगितली नव्हती. मला वाटलं ते चिडतील. त्यांनी सगळं तपशिलात विचारून घेतलं, कोणती किल्ली कोणाकडे, कधी उघडणार, हाताने उघडायची काही सोय आहे का. नाही म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. म्हणाले की लिफ्ट अडकली की माणसं दोनच चुका करतात, एक तर दार लाथाडतात नाहीतर आतल्या आत भांडतात. मी बाहेरून ओरडून सांगायचो, बसा खाली आणि शेजारी कोण आहे त्याची चौकशी करा.

तसं आम्ही आता करतो आहोत. करणं भागच आहे. तपाच्या शेवटी दोन्ही किल्ल्या एकाच आकड्यावर फिरल्या पाहिजेत, आणि बाईंच्या पश्चात त्यांचं कोणी नाही, माझ्या पश्चात बायको त्या बारा शब्दांचा पुन्हा बाजार करील. त्यामुळे आम्हा दोघांनाही अजून अकरा वर्षं जिवंत राहणं आणि एकमेकांशी न भांडणं बंधनकारक आहे. माझा रक्तदाब बाईंना तोंडपाठ आहे. मी जिना उतरताना त्या खालून विचारतात, गोळी घेतली का? त्यांना खोकला झाला तर मी काढ्याचा डबा घेऊन खाली जातो. मागच्या महिन्यात पाण्याच्या टाकीवरून आमचं थोडं वाजलं होतं, पण दोघांनाही एकदम रक्कम आठवली आणि दोघांनीही आवाज खाली आणला. बायको म्हणते की आपल्या लग्नाच्या वेळी असं काही निघालं असतं तर फार बरं झालं असतं.

आजोबा रोज सकाळी व्हरांड्यात खुर्ची लावून बसतात. काठी घेऊन चार पावलं चालायला लागले आहेत. मी ऑफिसला निघालो की मला थांबवून विचारतात की आज किती राहिले. मी सांगतो. परवा सांगितलं, तीन हजार नऊशे अठ्ठ्याण्णव. त्यांनी डोळे मिटून स्वतःच्या वयात ती वर्षं मिळवली. ब्याण्णव होत होती.

“बरं,” ते म्हणाले. “थांबतो.”